नाव जुळत नाही म्हणून मत जाऊ नये

(मंचाच्या मिसिसागा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी देत आहोत.)



आपल्या बैठकींत आजवर मोठमोठ्या विषयांवर चर्चा झाल्या आहेत. जातिअंत झाला, अंधश्रद्धा झाली, जागतिकीकरणावर तर दोनदा वाद झाला. त्या मानाने आजचा विषय अगदीच कारकुनी वाटेल. मतदान केंद्रावर कोणते कागद दाखवायचे, आणि त्या कागदांवरची नावे एकमेकांशी जुळली नाहीत तर काय होते, एवढाच तो आहे. पण मी इथल्या एका बँकेत अठ्ठावीस वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे माझे काम माणसांची नावे कागदांशी ताडून पाहण्याचेच होते. त्या अनुभवावरून सांगते, माणसांचे हक्क बहुतेक वेळा अशा कारकुनी बाबींतच अडकून पडतात. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही आणि अग्रलेखही येत नाही. माणूस मुकाट्याने घरी परत जातो.

सुरुवात आपल्याच नावांपासून करू. मराठी नाव तीन पदरी असते: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. कॅनडाच्या फॉर्मवर मात्र दोनच रकाने असतात. एक आडनावाचा, दुसरा उरलेल्या सगळ्याचा. त्यामुळे दत्तात्रयांचा मुलगा अनिरुद्ध इथे 'अनिरुद्ध दत्तात्रय' या जोडनावाचा इसम होतो आणि सुनीताबाईंच्या नावात प्रकाशराव कायमचे जाऊन बसतात. पासपोर्टवर तिन्ही नावे, लायसन्सवर दोन, बँकेत मधल्या नावाचे एकच अक्षर आणि आरोग्य कार्डावर तेही नाही. चारही कागद खरे, माणूस एकच. पण काउंटरच्या पलीकडून बघणाऱ्याला ही चार माणसे वाटू शकतात.

त्यात रोमन स्पेलिंगची भर. देवनागरीत 'लक्ष्मी' एकाच प्रकारे लिहिली जाते. रोमनमध्ये कुणी 'एक्स' घालते, कुणी 'के-एस-एच'. ज्ञानेश्वराची सुरुवात कुणाकडे 'डी'ने होते, कुणाकडे 'जी'ने. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जे लिहिले ते एक, पासपोर्ट एजंटाने लिहिले ते दुसरे. आपण त्यावर हसतो आणि सोडून देतो, कारण आपल्याकडे शिक्षण, इंग्रजी आणि वेळ आहे.

बायकांचे काय होते ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. माझ्या आईच्या पिढीत लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहीत आणि त्या क्षणी मुलगी आडनावासकट पहिल्या नावानेही बदलत असे. तांदळातल्या त्या नावाचा दाखला कोण देणार? लग्नाची नोंदणी बहुतेकांनी केलेली नसे. असलीच तर लग्नपत्रिका. मॅट्रिकचे सर्टिफिकेट माहेरच्या नावाचे, रेशनकार्ड सासरच्या नावाचे, आणि पुढे मुलाने कॅनडाला बोलावले तेव्हा काढलेला पासपोर्ट तिसऱ्याच स्पेलिंगचा. नाव बदलल्याची जाहिरात राजपत्रात देऊन मुंबईच्या चर्नी रोडवरच्या शासकीय मुद्रणालयातून ते गॅझेट आणावे लागे, हे त्या बाईला कुणी सांगितलेलेही नसे. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहते. म्हणून 'सगळ्या कागदांवर एकच नाव हवे' हा नियम वरवर सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा जाच सारखा नाही.

आणि आपल्यासारख्या परिवर्तनवादी म्हणवणाऱ्यांनी तर याचा अधिकच विचार करायला हवा. जात कळू नये म्हणून आडनाव सोडणारे कार्यकर्ते आपण पाहिले आहेत. आईचे नाव लावणारे तरुण पाहिले आहेत. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नाव लिहायचे. स्वागतार्ह निर्णय आहे. पण ही चार पदरी नावाची पिढी वीस वर्षांनी इथे येईल तेव्हा इथल्या दोन रकान्यांत मावेल का? कॅनडाच्या इमिग्रेशन फॉर्मवर ज्याला आडनावच नाही त्याचे नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि नावाचा रकाना रिकामा राहतो. म्हणजे ज्याने आडनाव मुद्दाम टाकून दिले, त्याला फॉर्म आडनावाशिवाय दुसरे काही ठेवत नाही!

आता मतदानाकडे येते. कॅनडात राष्ट्रीय ओळखपत्र नाही आणि भारतासारखे मतदार ओळखपत्रही नाही. २००७ पर्यंत संघीय निवडणुकीत तुमचे नाव यादीत असेल तर नाव आणि पत्ता तोंडी सांगितला की पुरत असे. जून २००७ मध्ये बिल सी-३१ मंजूर झाले आणि ओळख व पत्ता यांचा पुरावा देणे आवश्यक झाले. कायदा घाईने झाला. सहाच महिन्यांत लक्षात आले की खेड्यापाड्यांतल्या, उत्तरेकडच्या सुमारे दहा लाख मतदारांना घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव असलेला पत्ताच नाही, फक्त पोस्टाची पेटी आहे. मग डिसेंबर २००७ मध्ये बिल सी-१८ आणून दुरुस्ती करावी लागली. एका देशाच्या संसदेला आपल्याच दहा लाख नागरिकांचे पत्ते कसे असतात हे ठाऊक नव्हते, यातच सगळे आले.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. दिल्लीच्या कॅनेडियन कार्यालयातून शीख अर्जदारांना 'सिंग' आणि 'कौर' ही नावे फार सामान्य आहेत, ती आडनाव म्हणून चालणार नाहीत, अशा आशयाची पत्रे जात होती. ही पद्धत सुमारे दहा वर्षे चालू होती. जुलै २००७ मध्ये तिचा बोभाटा झाला, शीख संघटनांनी आवाज उठवला आणि सरकारला ती बंद करावी लागली. त्या दहा वर्षांत ज्यांनी आडनावे बदलून घेतली, त्यांचे पंजाबातले कागद आणि इथले कागद कायमचे वेगळे झाले.

२०१४ मध्ये 'फेअर इलेक्शन्स ॲक्ट' आला. तोपर्यंत ज्याच्याकडे पुरेसे कागद नाहीत त्याच्यासाठी एक सोय होती. त्याच मतदान केंद्रातला ओळखीचा मतदार शपथेवर सांगू शकत असे, की या बाईंना मी ओळखतो, या इथेच राहतात. इंग्रजीत त्याला 'व्हाउचिंग' म्हणतात. आपण ग्वाही म्हणू. २०११ च्या निवडणुकीत सुमारे एक लाख वीस हजार लोकांनी अशा ग्वाहीवर मत दिले, असा अंदाज हॅरी न्यूफेल्ड यांच्या अहवालात आहे. सरकारने आधी ही सोय साफ काढून टाकायचा घाट घातला. ओरड झाल्यावर एवढीच सवलत ठेवली, की नावाचे दोन पुरावे असतील तर पत्त्यापुरती ग्वाही चालेल. घरोघरी येणारे मतदार माहिती कार्डही पुरावा म्हणून चालणार नाही, असे ठरले.

कारण काय दिले? गैरप्रकार. न्यूफेल्ड यांनी ग्वाहीच्या नोंदींत पुष्कळ चुका दाखवल्या होत्या, हे खरे आहे. पण त्या चुका कर्मचाऱ्यांनी फॉर्म अर्धवट भरल्याच्या होत्या, मतदारांनी फसवणूक केल्याच्या नव्हत्या. आपल्याच मिसिसागातले तेव्हाचे खासदार ब्रॅड बट यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेत सांगितले की लोकांनी टाकून दिलेली मतदार कार्डे उचलून त्यांचा गैरवापर होताना आपण पाहिला आहे. त्याच महिन्यात त्यांना उभे राहून सांगावे लागले की आपण स्वतः असे काही पाहिलेले नाही.

परिणाम २०१५ मध्ये दिसला. निवडणुकीनंतर स्टॅटिस्टिक्स कॅनडाने केलेल्या पाहणीनुसार सुमारे १,७२,७०० मतदारांनी मत न देण्याचे कारण ओळखीचा पुरावा नसणे हे सांगितले. त्यातले सुमारे ४९,६०० जण प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन परत आले होते. आमच्या इमारतीतले एक आजोबा असेच परत आले. नागरिकत्वाच्या कागदावर तीन नावे, आरोग्य कार्डावर दोन, औषधांच्या पुडक्यावर आडनावाचे वेगळे स्पेलिंग. विजेचे बिल, फोनचे बिल, घराचा कर, सगळे मुलाच्या नावावर. सून बरोबर होती आणि ग्वाही द्यायला तयार होती. पण त्यासाठी आधी नावाचे दोन पुरावे जुळायला हवे होते. टेबलावरची मुलगी अदबीने बोलली, तिने नियमाबाहेर काही केले नाही. नियमच तसा होता. आजोबा गाडीत बसताना मला म्हणाले, "बाई, मी बावन्न सालापासून मत देतोय." मला काही उत्तर सुचले नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये बिल सी-७६ मंजूर झाले आणि ग्वाहीची सोय परत आली. मतदार माहिती कार्डही दोन पुराव्यांपैकी एक म्हणून चालू लागले. आज तीन मार्ग आहेत. एक, फोटो, नाव आणि चालू पत्ता असलेले एकच सरकारी कार्ड, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स. दोन, नाव असलेले दोन कागद, त्यातल्या एकावर तरी चालू पत्ता. तीन, पुरेसे कागद नसतील तर आपली ओळख आणि पत्ता लेखी जाहीर करायचा आणि त्याच केंद्रातल्या ओळखीच्या मतदाराने ग्वाही द्यायची. २०१९ मध्ये त्याच आजोबांच्या घरी असे ठरले की मुलगा वडिलांसाठी ग्वाही देईल आणि सून सासूबाईंसाठी, कारण एका माणसाला एकाच व्यक्तीसाठी ग्वाही देता येते. पाच-सात मिनिटे लागली. दोघांनी मत दिले. आजोबा तेच, कागद तेच, स्पेलिंगही तेच. बदलला होता तो कायदा.

इथे कुणी विचारेल, आणि हा प्रश्न रास्त आहे, की ओळखपत्र मागितले तर बिघडले कुठे? विमानात बसायला मागतात, बँकेत मागतात. मी बँकेतलीच असल्यामुळे उत्तर देते. खाते उघडायला आलेल्या माणसाला मी "उद्या या" म्हटले तर तो उद्या येऊ शकतो. मतदानाला उद्या नसतो. दुसरे असे, की मत देणे ही इथे सवलत नाही, घटनेतल्या हक्कांच्या सनदेचे तिसरे कलम प्रत्येक नागरिकाला तो हक्क देते. तेव्हा प्रश्न कागद मागावा की नाही हा नाही. मतदार याद्यांवर लोकांचा विश्वास हवा आणि त्यासाठी काही पडताळणी हवी, हे मलाही मान्य आहे. प्रश्न असा आहे, की कागद जुळला नाही तर पुढे काय? तिथे दार बंद होते, की दुसरे दार उघडते?

याच भागातला एक खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. २०११ मध्ये इटोबिको सेंटर मतदारसंघात टेड ओपिट्झ यांनी बोरिस व्झेस्नेव्स्की यांचा अवघ्या २६ मतांनी पराभव केला. नोंदणीच्या आणि ग्वाहीच्या कागदांतल्या त्रुटींमुळे खालच्या न्यायालयाने ७९ मते बाद ठरवून निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी तो निर्णय फिरवला. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे, की फॉर्म नीट भरला गेला नाही एवढ्यावरून मत बाद होत नाही, मतदार मुळात अपात्र होता का ते पाहा. जिंकलेला उमेदवार तुमच्या-माझ्या पसंतीचा असो वा नसो, हे तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे. कारकुनाची चूक नागरिकाच्या माथी मारू नये.

आणि एका मताने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी एप्रिल २०२५ ची संघीय निवडणूक आठवावी. क्युबेकमधल्या टेरबोन मतदारसंघात फेरमोजणीनंतर एका मताचा फरक निघाला. नंतर कळले की टपालाने मत पाठवणाऱ्या एका बाईंची मतपत्रिका त्यांच्याकडे परत आली होती, कारण छापील पाकिटावरचा पोस्टल कोड चुकला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

मंडळी, नाव आणि मत यांचा हा संबंध या देशात जुना आहे. ब्रिटिश कोलंबियाने १९०७ मध्ये भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. तिथले बहुतेक भारतीय शीख होते, पण कायद्यात शब्द वापरला 'हिंदू'. म्हणजे आधी सरकारने त्यांना भलतेच नाव दिले आणि मग त्या नावावर हक्क काढून घेतला! प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून संघीय निवडणुकीतही मत नाही. हे १९४७ पर्यंत चालले. उत्तरेकडच्या इन्युइट लोकांत आडनाव नसे. १९४० च्या दशकापासून सरकारने त्यांना क्रमांक कोरलेल्या चकत्या दिल्या आणि सरकारदरबारी माणूस त्या क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एब ओकपिक या इन्युइट गृहस्थांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांना आडनावे निवडायला लावली तेव्हा कुठे क्रमांक जाऊ लागले. आणि निवासी शाळांत ज्या आदिवासी मुलांची नावे बदलली गेली, त्यांना पासपोर्टवर आपले मूळ नाव परत लावता येईल अशी घोषणा संघीय सरकारने केली ती जून २०२१ मध्ये. आपला प्रश्न त्यांच्या मानाने लहान आहे, पण जातकुळी तीच आहे. फॉर्म आधी छापला जातो आणि माणसाने त्यात मावायचे असते.

भारताचा अनुभवही हेच सांगतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होत होती तेव्हा उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो बायकांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. यादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी झाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी न स्वीकारण्याचे ठरवले आणि अखेर सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. स्त्रीने स्वतःच्या नावाने नागरिक व्हावे, हा सेन यांचा हेतू पुरोगामी होता यात शंका नाही. पण त्या निवडणुकीपुरती किंमत मोजली ती त्या २८ लाख जणींनी. चांगल्या हेतूचा नियमसुद्धा तपासून का पाहावा लागतो, हे मला या उदाहरणाने शिकवले.

बिहारमध्ये २०२५ साली मतदार याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी झाली. ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली आणि वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्यात मेलेले आणि स्थलांतरित पुष्कळ असतील. पण जुन्या यादीत स्वतःचे नाव नसेल तर आईवडिलांच्या नोंदीशी नाते दाखवा, ही अट लग्न होऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या आडनावाने गेलेल्या बाईला किती जड जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सीमेपलीकडे अमेरिकेत जॉर्जिया राज्याने अर्जातले नाव सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळायला हवे असा नियम केला. २०१८ मध्ये ५३ हजार अर्ज अडकून पडल्याची बातमी आली, आणि त्यातले बहुसंख्य अर्जदार कृष्णवर्णीय होते. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा मागणारे 'सेव्ह ॲक्ट' विधेयक संमत केले तेव्हाही पहिला प्रश्न आला तो लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचाच. जन्मदाखला एका नावाचा, बाई दुसऱ्या नावाची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली तेव्हा मत मिळवायला मालमत्ता किंवा कर भरल्याचा दाखला लागत असे. मालमत्तेची ती अट गेली. आता तिच्या जागी कागदपत्रांची मालमत्ता येऊ पाहत आहे. ज्याच्या नावावर घर, गाडी आणि बिले आहेत त्याच्याकडे कागद आपोआप जमतात. सुनेकडे, सासूकडे, तळघरातल्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या तरुणाकडे ते जमत नाहीत. म्हणून ग्वाहीची सोय मला फार मोलाची वाटते. शेजाऱ्याचा शब्द हा पुरावा आहे असे मानणारा कायदा सगळ्यात आधी त्यांच्या उपयोगी पडतो, ज्यांच्या नावावर काही नाही.

आता आपण काय करायचे ते सांगते, म्हणजे भाषणाचा काही उपयोग झाला असे वाटेल.

पहिली गोष्ट, आयकराचा फॉर्म भरताना नागरिकांनी इलेक्शन्स कॅनडाला माहिती देण्याची संमती द्यावी. देशाची कायम मतदार नोंदवही त्या माहितीवर आणि लायसन्सच्या नोंदींवर अद्ययावत होते. तेव्हा या दोन ठिकाणी तरी नाव एकाच स्पेलिंगने असू द्या. आपली नोंद इलेक्शन्स कॅनडाच्या संकेतस्थळावर तपासता येते. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

दुसरी, घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर निदान एक तरी पत्त्याचा कागद असू द्या. बँकेचे स्टेटमेंट, पेन्शनचे पत्र, फोनचे बिल, काहीही. गाडी न चालवणाऱ्यांना ओंटारिओत फोटो कार्ड काढता येते. त्यावर पत्ता असतो. इलेक्शन्स कॅनडाच्या यादीत औषधाच्या बाटलीवरचे लेबलसुद्धा नावाचा पुरावा म्हणून आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि एक लक्षात ठेवा, पासपोर्ट एकटा पुरत नाही. त्यातला पत्ता आपण हाताने लिहिलेला असतो.

तिसरी, ग्वाहीचा नियम पाठ करून ठेवा. त्याच केंद्राचा मतदार, एकाने एकासाठीच. आईवडील दोघे असतील तर ग्वाही द्यायला दोघांनी जा. यादीत नाव नसले तरी मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नोंदणी होते, तेव्हा नाव नाही म्हणून घरी बसू नका.

चौथी गोष्ट मागणीची आहे. एका घरातल्या दोघांसाठी एकाला ग्वाही देता यावी आणि सरकारी फॉर्मवर पूर्ण नाव जसे आहे तसे एका ओळीत लिहायची सोय असावी, या दोन मागण्या आपल्या खासदारांकडे नेता येतील. त्यांचा मसुदा करायला मी तयार आहे. शीख समाजाने २००७ मध्ये दाखवून दिले आहे, की संघटितपणे विचारले तर दहा वर्षांची पद्धतही बदलते. आणि या प्रश्नावर आपण एकटे नाही. तमिळ, सोमाली, इन्युइट, सगळ्यांची नावे या दोन रकान्यांत कोंबली जातात. त्यांना बरोबर घेतले तर आवाज मोठा होईल.

शेवटी एवढेच. २०१४ चा कायदा झाला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना त्याची झळ लागली नाही, कारण आपल्या खिशात लायसन्स होते. म्हणून आपण बोललोही नाही. पुढच्या वेळी असा कायदा येईल, आणि तो येईलच, तेव्हा ज्यांच्या खिशात लायसन्स आहे त्यांनी आधी बोलायला हवे. निवडणुकीच्या आधी एका शनिवारी इथेच बसून सगळ्यांच्या घरच्या ज्येष्ठांचे कागद तपासून देण्याचे मी सुचवते. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्यावीत. स्पेलिंग कोणतेही चालेल.